जुन्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधली मारामारी आणि आजन्म बंदी: एका प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये (तिकडे याला फुटी म्हणतात) १९२५ साली नॉर्थ मेलबर्न क्लबच्या फ्रेड रटलीला मैदानावरच्या मारामारीसाठी आजन्म सस्पेंड केलं, आणि २००८ साली सिडनीच्या बॅरी हॉलने वेस्ट कोस्टच्या ब्रेंट स्टेकरला टीव्हीवर अख्ख्या देशासमोर ठोसा मारून आडवा केला तर त्याला फक्त ७ मॅच. मग तेव्हाची लीग जास्त कडक होती, का खेळच इतका रानटी होता की असं काही केल्याशिवाय चाललंच नसतं? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की असल्या माणसाला तिथल्या तिथे मैदानाबाहेर का काढत नव्हते.

मी मेलबर्नमध्ये सबर्बन लीगला बरीच वर्षं अंपायरिंग केलं, गुडघे बोलायला लागल्यावर ट्रायब्यूनलच्या, म्हणजे रिपोर्ट झालेल्या खेळाडूंची सुनावणी घेऊन शिक्षा देणाऱ्या मंडळाच्या, पॅनेलवर बसायला लागलो आणि जुन्या केसेस वाचायचा नाद तिथूनच लागला. त्यामुळे हे इतिहासाच्या प्रोफेसरचं उत्तर नाही, रिपोर्ट लिहिणाऱ्या आणि नंतर तो ऐकणाऱ्या माणसाचं आहे, असाइनमेंटमध्ये वापरताना तेवढं लक्षात ठेवा.

माझ्या मते तुम्ही शेवटी टाकलेला प्रश्न खरं तर पहिला आहे. बाहेर का काढत नव्हते, हे एकदा कळलं की आजन्म बंदी का दिली तेही कळतं. नेहमीच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे सॉकरमध्ये, रेड कार्ड आहे, आपल्या कबड्डीत ग्रीन-यलो-रेड आहे, पण व्हीएफएलमध्ये (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग), म्हणजे आजच्या एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) आधीच्या लीगमध्ये, खेळाडूला मॅचमधून हाकलायची सोय नव्हती आणि एएफएलमध्ये आजही नाही. आमच्याकडे खालच्या लीग्जमध्ये कार्डं आहेत आणि मी ती दाखवलीही आहेत, पण वरच्या पातळीवर अंपायर करू शकतो ते एवढंच, फ्री किक द्यायची, वहीत नंबर लिहायचा आणि खेळाडूला सांगायचं की तुझा रिपोर्ट होणार. खेळ चालूच राहतो आणि तोही खेळत राहतो. पुढच्या आठवड्यात सुनावणी होईल तेव्हा बघू.

आता याला दुसरी एक गोष्ट जोडा जी बहुतेक लोक विसरतात. १९३० पर्यंत बदली खेळाडूच नव्हता! १८९९ पासून एका बाजूला १८ जण, आणि त्यातला एक जायबंदी झाला तर उरलेल्या १७ जणांनी मॅच संपवायची. १९३० ला एकोणिसावा माणूस आला, १९४६ ला विसावा, आणि तोही असा की एकदा बदली झाली की बाहेर गेलेला परत येणार नाही, आजच्यासारखी आत-बाहेर करायची पद्धत १९७८ ला सुरू झाली. तर समजा १९२० चं साल आहे, समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू पहिल्या क्वार्टरमध्ये कोणीतरी कोपर मारून झोपवला. तो गेला, बदली नाही, आणि मारणारा मात्र शेवटची घंटा होईपर्यंत मैदानात. म्हणजे त्या दिवशीचा सगळा फायदा मारणाऱ्या टीमचा, आणि बिल आलंच तर पुढच्या आठवड्यात, तेही एकट्या खेळाडूच्या नावावर. मारामारी उधारीवर मिळत होती. उधारी बंद करता येत नसेल तर दुकानदार काय करणार, वसुली जबर करणार. लीगने तेच केलं.

तिसरी गोष्ट, मैदानात अंपायर एकच. दोन फील्ड अंपायर १९७६ ला आले. ३६ माणसं, दीडशे मीटरपेक्षा लांब ओव्हल, बॉल एका टोकाला आणि दोघं जण दुसऱ्या टोकाला जुना हिशोब चुकता करतायत. मी स्वतः एकट्याने मॅचेस केल्यात म्हणून सांगतो, बॉलकडे बघत असताना पाठीमागे कुठेतरी आवाज येतो, वळून बघेपर्यंत एक जण जमिनीवर आणि आजूबाजूला चार जण हात वर करून उभे, सगळे निष्पाप. आमच्याकडे याला बॉलच्या मागे झालेला प्रकार म्हणतात आणि सगळ्यात वाईट जखमा त्यातच होतात, कारण मार खाणाऱ्याला तो येताना दिसतच नाही. जुन्या काळी यातल्या किती गोष्टी कधी वहीत आल्याच नसतील याचा फक्त अंदाज करायचा. म्हणजे पकडले जायची शक्यता कमी, आणि जिथे पकडले जायची शक्यता कमी असते तिथे सापडलेल्या एखाद्यावर सगळा राग निघतो. मला हे न्याय्य वाटत नाही, पण पॅनेलवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात हा विचार येतो, तो नाही येत म्हणणारा खोटं बोलतो.

आता तुमच्या रानटीपणाच्या मुद्द्याकडे. इथे जरा सांभाळून बोलायला हवं. १८५९ ला मेलबर्न क्लबच्या टॉम विल्स वगैरे मंडळींनी पहिले नियम लिहिले त्यात ढकलायला आणि पाय घालून पाडायलासुद्धा परवानगी होती, समोरचा पळत असेल किंवा बॉल त्याच्याकडे असेल तर. पण नडगीवर लाथ मारायला बंदी होती, आणि त्याच काळात इंग्लंडच्या काही शाळांमध्ये नडगी फोडणं हा मर्दपणा समजला जायचा. म्हणजे हा खेळ जन्मतःच जंगली होता असं नाही, उलट एका बाबतीत तो इंग्लिश पोरांपेक्षा शहाणा होता, सोमवारी कामावर जाणाऱ्या मोठ्या माणसांचा खेळ होता ना. पाय घालणं पुढे बंद झालं. सुरुवातीला अंपायरही नव्हता, दोन्ही कॅप्टन आपापसात वाद मिटवायचे, तो नीट अधिकार असलेला अंपायर १८७० च्या दशकात आला.

पण गर्दी हा वेगळा विषय आहे. १८९६ ला नॉर्थ मेलबर्नच्या ग्राउंडवर कॉलिंगवूडविरुद्धच्या मॅचनंतर लोकांनी अंपायरवरच हल्ला केला, त्याला वाचवायला गेलेल्या खेळाडूंनीही मार खाल्ला, आणि हॅटपिना घेतलेल्या बायका त्यात होत्या असं त्या प्रसंगाबद्दल सांगितलं जातं. त्याच वर्षाच्या शेवटी मोठे क्लब जुन्या असोसिएशनमधून (व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन) बाहेर पडले आणि १८९७ ला ८ क्लबांची व्हीएफएल सुरू झाली. फुटीचं खरं कारण पैसा आणि सत्ता, पण आम्ही सभ्य लोक आहोत हे दाखवायची नव्या लीगला फार गरज होती, आणि शिक्षांचा इतिहास वाचताना ही गरज सारखी दिसते. नॉर्थ मेलबर्नला त्यांनी तेव्हा घेतलं नाही. घेतलं ते १९२५ ला, फुटस्क्रे आणि हॉथॉर्नबरोबर. वर्ष बघा, रटलीचंच वर्ष.

रटलीवर येतो, पण त्याच्या आधी १९१० घ्या, कारण मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखी केस ती आहे. ग्रँड फायनल, कॉलिंगवूड विरुद्ध कार्लटन, शेवटच्या क्वार्टरमध्ये दंगल, अंपायर जॅक एल्डर. कॉलिंगवूड १४ पॉइंटने जिंकलं. रिपोर्ट झाले चौघे, दोन्हीकडचे दोन-दोन, आणि शिक्षा एकदम लांबलचक, महिन्यांच्या नाही तर अख्ख्या सीझनच्या हिशोबातल्या. पुढे गंमत अशी झाली की कॉलिंगवूडच्या टॉम बॅक्स्टरची शिक्षा रद्द करावी लागली, कारण त्याच्याच टीममधल्या दुसऱ्याने सांगितलं की तो प्रकार माझा होता, बॅक्स्टरचा नव्हे. आता तुम्ही म्हणाल अंपायर आंधळा होता का. अहो, पाठीवर नंबरच नव्हते! व्हीएफएलमध्ये नंबर १९१२ पासून नियमाने आले. एकसारख्या पट्ट्यांच्या जर्सीत चिखलाने माखलेली माणसं, त्यात घोळका, त्यात हजारो लोक ओरडतायत, आणि अंपायरने चेहऱ्यावरून सांगायचं की हात कोणी उचलला. आम्हाला आज नंबर आहेत, व्हिडिओ आहे, तरी ओळख पटवण्यावर सुनावणीतला अर्धा वेळ जातो. म्हणून १९१२ च्या आधीची कुठलीही शिक्षा वाचताना माझा पहिला प्रश्न असतो, माणूस तरी तोच होता का?

तो नंबर खेळाडूंनाही किती टोचायचा ते १९४५ ला दिसलं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, एमसीजी लष्कराकडे, म्हणून ग्रँड फायनल प्रिन्सेस पार्कवर, कार्लटन विरुद्ध साउथ मेलबर्न, जवळपास ६३ हजार लोक. मॅचला नावच पडलं ब्लडबाथ. साउथच्या टेड व्हिटफिल्डने अंपायरशी वाद घातला आणि आपला नंबर दिसू नये म्हणून जर्सी डोक्यावर ओढून पळायला लागला. २१ मॅच मिळाल्या त्याला. त्याच दिवशी कार्लटनचा फ्रेड फिट्झगिबन, जो आधीच सस्पेंड असल्यामुळे खेळत नव्हता, साध्या कपड्यात कुंपण ओलांडून मारामारीत उतरला आणि आणखी ४ मॅच घेऊन घरी गेला. तुमचा विषय सुरुवातीच्या काळाचा आहे म्हणून १९४५ वर जास्त लिहीत नाही, पण एक नोंद करा, त्या दिवशी मोठमोठ्या खेळाडूंना ८-८ मॅच मिळाल्या, आजन्म कोणालाच नाही. १९२५ ते १९४५ या २० वर्षांत लीग मऊ झाली असं मला वाटत नाही. तिला आता स्वतःला सिद्ध करायची तेवढी गरज नव्हती.

तर रटली. १९२५, जिलॉंगचं कोरिओ ओव्हल, जिलॉंग विरुद्ध लीगमध्ये नवीन आलेलं नॉर्थ. मोठी सामूहिक मारामारी झाली, दोन्हीकडचे खेळाडू रिपोर्ट झाले आणि सस्पेंडही झाले, पण आजन्म फक्त रटलीला, लाथ मारण्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याने आपण निर्दोष आहोत असंच कायम सांगितलं. हा लाथेचा मुद्दा आजच्या लोकांच्या लक्षात येत नाही. ठोसा मारणं वाईटच, पण तेव्हाच्या समजुतीत ठोसा ही पुरुषांची मारामारी, आणि पडलेल्या माणसाला लाथ म्हणजे भ्याडपणा, माणसातून उठणं. जुन्या बातम्यांमध्ये हा फरक जागोजागी दिसतो आणि शिक्षेतही दिसतो. आम्ही आज इजा किती झाली, डोक्याला लागलं का, मुद्दाम केलं का निष्काळजीपणे, असं कोष्टक लावून बघतो, ते लोक माणसाची लायकी बघत होते. दोन्हीत सोयीगैरसोयी आहेत. कोष्टकात एक गोष्ट बरी की नवीन क्लबच्या खेळाडूला आणि चॅम्पियन क्लबच्या खेळाडूला निदान एकाच फूटपट्टीने मोजतो, बरेचदा तरी.

नॉर्थच्या जागी कॉलिंगवूड असतं तर आजन्म झाली असती का? पुरावा म्हणून माझ्याकडे काही नाही पण मला शंका आहे. नवीन आलेला क्लब, आधीपासून नाव जरा बदनाम, लीगमध्ये वजन नाही, उदाहरण घालून द्यायला अगदी सोयीचा. हे माझं मत म्हणून लिहा, तथ्य म्हणून नको.

आता आकड्यांचा घोळ, हे तुमच्या असाइनमेंटसाठी सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्यात लांब सस्पेंशन्सच्या यादीत तुम्हाला रटलीच्या नावापुढे ८९ मॅच दिसतील. त्याला ८९ मॅचची शिक्षा कोणीच दिली नव्हती! दिली आजन्म, ती १९३० मध्ये उठवली, आणि मधल्या काळात नॉर्थच्या किती मॅच झाल्या ते नंतर कोणीतरी मोजलं. तेव्हाचा सीझन १७-१८ मॅचचा, त्यामुळे साधारण पाच वर्षं धरली की आकडा जुळतो. जुन्या बऱ्याच शिक्षा अशा मुदतीच्या आहेत, अमुक सीझन संपेपर्यंत वगैरे, आणि आजच्या याद्यांमध्ये त्या मॅचमध्ये बदलून लिहिलेल्या असतात. म्हणून ८९ भागिले ७ करून तेव्हा लीग तेरापट कडक होती असा निष्कर्ष काढू नका, मी ट्रायब्यूनलवर असं गणित मांडणारे वकील बघितलेत. तुलना करायचीच तर सीझनच्या किती भागाला मुकला अशी करा, हॉलच्या ७ मॅच म्हणजे २२ मॅचच्या सीझनचा साधारण तिसरा हिस्सा होतो.

शिवाय सगळी मोठी सस्पेंशन्स मारामारीची नाहीत. यादीत रटलीच्याही वर कार्लटनचे अॅलेक्स लँग आणि डग फ्रेझर, १९१० मध्ये प्रत्येकी ९९ मॅच, पण ती लाच घेण्याच्या प्रकरणात. हो, ज्या सीझनची ग्रँड फायनल वर सांगितली तोच सीझन आणि तोच क्लब. म्हणजे लीगच्या नजरेत मॅच विकणं हे जबडा फोडण्यापेक्षा मोठं पाप होतं, आणि लीगचा धंदा लोकांच्या विश्वासावर चालत होता हे बघता त्यात नवल नाही. तसंच १९४० ला कॉलिंगवूडचा रॉन टॉड क्लिअरन्स, म्हणजे क्लब बदलायची परवानगी, न घेता जुन्या असोसिएशनच्या विल्यमस्टाउनला गेला म्हणून सस्पेंड झाला, त्यात मारामारीचा काय संबंध? तेव्हा सस्पेंशनची यादी घेतली की आधी कारणं वेगळी करा, मग मोजा.

बंदीचा खिशावर किती परिणाम व्हायचा हे मात्र काळावर अवलंबून आहे. १९११ पर्यंत व्हीएफएलमध्ये पैसे द्यायला अधिकृत परवानगीच नव्हती, गुपचूप द्यायचे ते वेगळं. १९३० मध्ये कूल्टर लॉ आला, मॅचला जास्तीत जास्त ३ पौंड. महामंदीचे दिवस, फॅक्टऱ्या बंद, त्यात आठवड्याचे ३ पौंड गेले तर घरात चूल पेटायची पंचाईत. म्हणजे १९३२ च्या ४ मॅच आणि १९०५ च्या ४ मॅच कागदावर सारख्या, घरात सारख्या नाहीत. १९२४ पासून आणखी एक टोचणी आली, ब्राउनलो मेडल. ते सगळ्यात उत्तमच नाही तर सगळ्यात सरळ खेळणाऱ्यालाही म्हणून, त्यामुळे त्या सीझनला सस्पेंड झालेला माणूस बाद. पण मेडलची आशा संघातल्या दोघा-तिघांना असणार, उरलेल्यांना त्याचं काय.

रानटीपणाबद्दल अजून एक, कारण याच्यात नवखे लोक हमखास फसतात. सगळी हिंसा बेकायदेशीर नव्हती. खांदा आणि कंबर लावून समोरच्याला उडवणं नियमात बसत होतं. रिचमंडचा जॅक डायर, टोपणनाव कॅप्टन ब्लड, १९३१ ते १९४९ मध्ये ३१२ मॅच खेळला, हाडं मोडणारा म्हणून अख्ख्या शहरात दरारा, आणि अख्ख्या करिअरमध्ये सस्पेंड झाला फक्त एकदा! त्याचे धक्के नियमाप्रमाणे होते. तोच धक्का आज समोरच्याच्या डोक्याला लागला आणि तो बेशुद्ध पडला तर पॅनेलसमोर उभं राहावं लागेल, डोक्याच्या इजेबद्दल आपल्याला कळायला लागल्यापासून मोजमापच बदललं. म्हणून सस्पेंशनची संख्या म्हणजे हिंसेची संख्या असं धरू नका. कमी सस्पेंशन्सचं एखादं वर्ष शांत असेल, किंवा त्या वर्षी अंपायर घाबरलेला असेल, किंवा मार खाल्लेल्याने तोंड उघडलं नसेल. हे शेवटचं तर आजही होतं. जबड्याला टाके घातलेला पोरगा समोर बसून सांगतो की मला काही आठवत नाही सर, बहुतेक घसरून पडलो, आणि मारणारा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला असतो. पुढच्या शनिवारी आपल्याला परत समोरासमोर यायचंय हे दोघांनाही माहीत असतं.

पोलिस कुठे होते, असं तुम्ही एका ओळीत विचारलंय. बहुतेक वेळा कुंपणाच्या बाहेर. मैदानातलं मैदानात मिटवायचं हा अलिखित करार फार काळ टिकला, आणि तो मोडला त्याचं गाजलेलं उदाहरण १९८५ चं, हॉथॉर्नच्या ली मॅथ्यूजने जिलॉंगच्या नेव्हिल ब्रन्सचा जबडा मोडला, अंपायरने पाहिलंच नाही म्हणून रिपोर्ट नाही, मग लीगने त्याची नोंदणी ४ आठवडे काढून घेतली आणि पोलिसांनी खटला भरला. रटलीच्या पिढीला हे ऐकून धक्का बसला असता.

तर थोडक्यात तुमच्या प्रश्नाला उत्तर: लीग कडक होती म्हणण्यापेक्षा तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. मॅचमध्ये शिक्षा नाही, बदली खेळाडू नाही, बघायला एक माणूस, आणि १९१२ पर्यंत नंबरही नाहीत. जे सापडले त्यांच्यावर जोरात, जे नाही सापडले ते सुटले.

आता कामाचं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह फुकट आहे, त्यात द आर्गस आणि द एज दोन्ही सापडतील. शनिवारी मॅच व्हायच्या, म्हणून सोमवारचा अंक मॅचसाठी काढा आणि मग आठवड्याच्या मधले अंक सुनावणीसाठी, लोक सोमवारचाच वाचून थांबतात आणि निम्मी गोष्ट हुकते. एकाच पेपरवर विसंबू नका, आणि जिलॉंगची मॅच असेल तर जिलॉंगचा स्थानिक पेपरही बघा, मेलबर्नच्या वार्ताहराला जो गुंड दिसतो तो तिथल्या वार्ताहराला बिचारा दिसतो. केस निवडायची तर मी १९१० घेईन, रटली नाही. रटलीवर सगळे लिहितात, आणि १९१० मध्ये मारामारी, लाच आणि चुकीची ओळख तिन्ही एकाच सीझनमध्ये मिळतात. बॅक्स्टरची शिक्षा मागे घेताना लीगमध्ये काय चर्चा झाली तेवढं सापडलं तर मला जरूर पाठवा, मला वाचायला आवडेल.